कृष्णाकाठची मळी: गाळ, काठावरची झाडं आणि जमिनीचा कस

मळीकर
पूर ओसरला की दोन प्रश्न हमखास येतात. "गाळ आलाय, यंदा खत कमी टाकू का?" आणि "काठ ढासळतोय, कुठलं झाड लावू?" दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून हा एकच धागा. कराडच्या खाली कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या मळीच्या रानांपुरतंच बोलू. (मळी म्हणजे नदीनं आणून घातलेली जमीन. साखर कारखान्याच्या मळीबद्दल विचारणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.)

आधी रानाची ठेवण. पुराचं पाणी पात्राबाहेर पडलं की त्याचा वेग एकदम मोडतो. जाड कण, रेती, पोयटा (रेतीपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड माती) लगेच काठावरच पडतो आणि बारीक चिकणमाती पाण्याबरोबर आत जाऊन सखल भागात सावकाश बसते. म्हणून मळीचं रान नदीकडे उंच आणि हलकं, तर आत गेलं की सखल आणि भारी असतं. जुनी पीकरचना याच ठेवणीवर बसवलेली होती. काठाच्या हलक्या पट्ट्यात वांगी, दुधी, मिरची. आतल्या भारी पट्ट्यात पुराची ओल धरून रब्बीला शाळू (ज्वारी), हरभरा, खपली गहू. काठाच्या उतारावर करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज आणि बांधावर बाभूळ. ऊस सगळीकडे सरसकट आला तो नंतर, आणि उतारावरची झाडं गेली तीही त्याच सुमारास.

आता गाळाचा हिशेब. एका एकरावर 1 सेंटिमीटर गाळ बसला म्हणजे साधारण 40 घनमीटर, म्हणजे 14 ब्रास. वाळल्यावर वजन 48 टनांच्या आसपास. ऐकायला प्रचंड वाटतं. पण त्यात सेंद्रिय कर्ब 0.6 टक्के धरला तर कर्ब झाला 290 किलो आणि नत्र 24 किलो. हे नत्र सेंद्रिय रूपात अडकलेलं असतं, वर्षाला त्यातलं दोन-तीन टक्केच सुटतं. म्हणजे पिकाच्या तोंडी पडणार अर्धा-पाऊण किलो. युरियाच्या 45 किलोच्या एका पोत्यात पावणेएकवीस किलो असतं. तेव्हा "गाळ आला, खत वाचलं" हा हिशेब नत्रापुरता तरी साफ चुकीचा आहे.

गाळ देतो ती खोली, ओल धरायची ताकद, पालाश आणि चुना. आपल्याकडचा गाळ बेसॉल्टचा असल्यामुळे या दोन गोष्टी त्यात मुबलक असतात. नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र झाडांच्या पाल्यातून, गवतातून, बेवडाच्या (मुख्य पिकाआधी फेरपालटीनं घेतलेल्या) पिकातून यायचा. काठ बोडका केला आणि बेवड मोडला की गाळ तोच येतो, पण रान दमतं.

शंकासुर
मळीकर, मग जुने लोक मळीत शेणखतसुद्धा न टाकता पीक घ्यायचे, ते कसं?

मळीकर
उत्पादन बेताचं होतं, हरभरा-तुरीचा बेवड होता आणि काठावरचा पालापाचोळा रानातच जिरत होता. एकरी पाच-सहा क्विंटल शाळूला लागणारं नत्र आणि 50-60 टन उसाला लागणारं नत्र यांची तुलनाच नको.

वाफसा
उत्तम धागा. पूर ओसरल्यावर काय करायचं ते क्रमानं लिहितो, कारण निम्मं नुकसान पुरात होतं आणि निम्मं नंतरच्या घाईत.

पंचनामा होईपर्यंत गाळ हलवू नका. शेतजमिनीवरचा गाळ काढायला जी मदत मिळते तिला थराची जाडी 3 इंचांपेक्षा जास्त असावी लागते. मोजपट्टी उभी धरून चार-पाच ठिकाणचे फोटो काढून ठेवा.

साचलेलं पाणी काढायला चर घ्या, पण ट्रॅक्टर रानात घालू नका. ओल्या काळ्या मातीवर चाक फिरलं की खाली जो दाब बसतो तो दोन-तीन वर्षं निघत नाही. रोटाव्हेटर तर नकोच. वरचा थर भुगा होतो, पावसाच्या पहिल्या सरीला त्याची पापडी धरते आणि उगवण अडते. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, बघायची पद्धत सोपी आहे. अर्धा फूट खोलीवरची मूठभर माती घ्या, लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर नांगर घाला. नुसता चपटा झाला तर अजून थांबा. वरून भेगा पडल्या म्हणून खाली वाफसा आला असं समजू नका. गाळाची पापडी दोन दिवसांत वाळते आणि तिच्याखाली चिखल तसाच असतो.

जाडीनुसार काम बदलतं. 2 इंचांपर्यंत गाळ कुळवानं मिसळला तरी चालतो. 2 ते 8 इंच असेल तर थराच्या दुप्पट खोल नांगरट करा, जुनी माती वर येऊन मिसळली पाहिजे. थर तसाच ठेवला तर जुन्या आणि नव्या मातीच्या सांध्यावर पाणी अडतं, मुळंही तिथंच वळतात. उपटलेल्या रोपाची मुळी इंग्रजी एल अक्षरासारखी आडवी गेलेली दिसली की ओळखायचं. 8 इंचांच्या वर असेल तर पसरवा किंवा काढा.

आणि गाळाचा पोत बघा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चमचाभर कपडे धुण्याची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवून द्या. पहिल्या मिनिटात खाली बसते ती रेती, दोन तासांत बसतो तो पोयटा, त्यानंतरची चिकणमाती. काळ्या मातीचं वरचं पाणी दोन-दोन दिवस गढूळ राहतं, घाबरू नका. थरांची जाडी पट्टीनं मोजली की प्रमाण कळलं.

भुईमूग
पुरानंतर मका किंवा ज्वारी टाकली की पानं जांभळी पडतात, वाढ खुंटते. स्फुरद तर माती परीक्षणात ठीक येतं. हे काय?

वाफसा
मुळांवर राहून त्यांना स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशी असते. रान बरेच दिवस पाण्याखाली राहिलं आणि मध्ये पीक नसलं की ती कमी होते. स्फुरद जमिनीत असतो पण रोपापर्यंत पोहोचत नाही. मका, ज्वारी या बुरशीवर बऱ्यापैकी अवलंबून असल्यानं त्यांना लगेच दिसतं. उपाय दोन. सुपर फॉस्फेट किंवा डीएपी फोकून न टाकता बियाण्याच्या बाजूला दोन इंचांवर ओळीत द्या. आणि शक्य असेल तर आधी एखादं पीक, अगदी हिरवळीचंसुद्धा, घेऊन रान मुळांनी भरून काढा.

दुसरं, पाण्याखाली नत्राचाही वायू होऊन तो उडून जातो. पूर येण्याआधी पंधरा दिवस दिलेला युरिया गेला असंच धरा.

धैंचा_की_ताग
हिरवळीचं म्हणालात म्हणून. पूरपट्ट्यात ताग नको, त्याला साचलेलं पाणी दोन दिवस सोसत नाही. धैंचा घ्या, एकरी 20 किलो बी. पाण्यात उभा राहिला तरी खोडातून नवी मुळं फोडतो, शेंडा पाण्यावर असला म्हणजे झालं. 45 ते 50 दिवसांनी, फुलकळी दिसताच गाडायचा. फूल पुरं उमललं की खोड काष्ठ होतं, मग ते कुजायला नत्र उलट जमिनीतूनच ओढतं. गाडल्यावर ऊस लागणीला दोन-तीन आठवडे थांबा.

घाटावरचा
पाचटाबद्दल (उसाच्या वाळक्या पाल्याबद्दल) एक सूचना. पाचट आच्छादन ही गोष्ट चांगलीच आहे, पण पूररेषेच्या आत सुटं पाचट जूनच्या आत जिरलं पाहिजे. नाहीतर तरंगत जाऊन बांधाच्या कोपऱ्यात किंवा शेजाऱ्याच्या उसावर ढीग बसतो आणि तो ऊस आडवा पडतो. एक आड एक सरीत दाबा, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू, वर पाणी.

रामकाठी
आता काठावर येऊ. लोक काठाच्या अगदी ओठावर मोठं झाड लावतात, तिथंच चुकतं. काळ्या मातीचा काठ उन्हाळ्यात नदीला समांतर भेगाळतो. पुरात या भेगांत पाणी भरतं. पाणी हळू उतरलं तर काठ निथळतो. भरभर उतरलं तर काठ आतून भिजून जड आणि बाहेरून पाण्याचा आधार गेलेला, मग अख्खी फळी सुटून पात्रात बसते. पूर चढताना काठ फारसा जात नाही, उतरताना जातो. अशा फळीवर 40 फुटी झाड असलं तर ते काठाला धरून ठेवत नाही, सोबत घेऊन जातं.

म्हणून तीन पट्टे. पाण्यालगत, बुडाशी, वाकणारी झुडपं आणि गवतं: शेरणी, वाळा. शेरणीची मुळं खडकाच्या फटीतसुद्धा रुतून राहतात आणि पुरात झुडूप आडवं होऊन पाणी वरून जाऊ देतं. वाळ्याची ठोंबं समपातळीत, ओळीत अर्ध्या-अर्ध्या फुटावर, आणि दर मीटर उंचीला एक ओळ. ठोंबांत फट राहिली तर पाणी नेमकं तिथूनच घळ पाडतं, म्हणून पहिल्या पावसानंतर मेलेली ठोंबं लगेच सांधायची.

उतारावर वाळुंज, करंज, जांभूळ. माथ्यावर, ओठापासून किमान 10-15 फूट आत, अर्जुन, उंबर, कळक. बांबूत मानवेल लावू नका, त्याला निचऱ्याची जमीन लागते. नदीकाठचा तो काटेरी कळक. कापायला त्रास होतो, मान्य, पण काठ तोच धरतो.

काठ सरळ उभा तुटलेला असेल तर आधी दोनास एक (आडवं दोन, उभं एक) असा उतार द्यावा लागतो, मगच लागवड. उभ्या दरडीवर काहीही लावा, वर्षभरात खाली.

शंकासुर
आणि सुबाभूळ? रोपवाटिकेत सगळ्यात स्वस्त तीच मिळते.

रामकाठी
पाणी साचणाऱ्या रानात सुबाभूळ पिवळी पडते, गिरिपुष्पही तसंच. दोन्ही उंच, निचऱ्याच्या बांधावर ठीक. पूरपट्ट्यात पाल्यासाठी शेवरी आणि करंज.

पानमळा
शेवरीचं नाव निघालंच आहे तर मिरज भागातल्या पानमळ्यांबद्दल लिहायलाच हवं. झाड आणि पीक एकत्र घ्यायची आपल्याकडची ही सगळ्यात बारकाईनं बसवलेली पद्धत आहे. वेलाला आधार म्हणून शेवरी, हादगा, पांगारा आणि शेवगा. शेवरी लवकर वाढते पण तीन-चार वर्षांत म्हातारी होते, पांगारा सावकाश येतो पण टिकतो, म्हणून दोन्ही मिसळून लावतात. शेवरी संपायच्या आत पांगारा वेल पेलायला तयार असतो. चारांपैकी शेवरी, हादगा आणि पांगारा ही द्विदल, मुळांवर गाठी असलेली झाडं. सावली जास्त झाली की छाटणी, आणि छाटलेला पाला वेलाच्या बुडाशी. केळीच्या सोपटानं वेल बांधत न्यायचा, आणि वर्षातून एकदा उतरण: वेल खाली उतरवून त्याचं वेटोळं मातीत गाडायचं, वर खत-माती. गाडलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात आणि मळा पुन्हा तरुण होतो.

मळीकरांच्या हिशेबाशी जोडून बघा. शेवरीच्या 1 टन ओल्या पाल्यात कोरडा भाग सव्वादोनशे किलो, त्यात साडेतीन टक्क्यांनी नत्र साडेसात-आठ किलो. त्यातलं निम्मं जरी त्या हंगामात सुटलं तरी एकरभर सेंटिमीटर गाळानं वर्षात दिलेल्या नत्राच्या पाच-सहा पट झालं.

पण पानमळा पुराच्या पाण्यात घालू नका. वरच्या टप्प्यावरच, निचरा असेल तिथंच. दोन दिवस बुडाशी पाणी थांबलं की मर रोग येतो: आधी पानं मलूल, मग बुडाजवळ खोड काळं पडून साल सुटते. पावसाळ्याआधी 1 टक्का बोर्डो मिश्रण बुडाशी ओतायचं, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांड्यात नाही. तयार मिश्रणात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

उसवाला
सगळं छान, पण बांधावर झाड म्हणजे उसाच्या चार सरी गेल्या.

रामकाठी
दिशा चुकली तर जातात. आपल्या अक्षांशावर वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणून सावली उत्तरेला पडते. उंच झाडं रानाच्या उत्तर बांधावर घ्या, सावली तुमच्या पिकावर फारशी येत नाही. (शेजाऱ्याच्या पिकावर येते. त्यावरची भांडणं वेगळ्या धाग्यात.) दक्षिण बांधावर फक्त छाटणीची शेवरी. मुळांसाठी झाडापासून चार-पाच फुटांवर दोन-अडीच फूट खोल चर दरवर्षी मारा, पिकात येणारी वरची मुळं तुटतात, खोल मुळं शाबूत राहतात. बाभळीत रामकाठी जात घ्या. फांद्या झाडूसारख्या सरळ वर जातात, सावली नावाला. वेडी बाभूळ नव्हे, ती एकदा शिरली की निघत नाही. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सिंधू नदीच्या मैदानात तर बाभळीचे अख्खे पट्टे पाच-सहा वर्षं राखून, तोडून, मग त्याच जागी पीक घ्यायची पद्धत आहे. हुरी म्हणतात तिला. दमलेली, खारवट जमीन त्यातून परत आणतात.

पोफळी
कोकणातून एक इशारा. इथले आकडे जसेच्या तसे वाशिष्ठी-शास्त्रीच्या काठी लावू नका. आमचा गाळ तांबडा, आम्लधर्मी, त्यात चुना आणि पालाश दोन्ही धुऊन गेलेलं, आणि लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून बसतं. काठच्या बागेत पोफळ (सुपारी) 9 बाय 9 फुटांवर, तिच्यावर मिरीवेल, मध्ये केळ आणि जायफळ, आणि सगळा कस झावळ्या, विऱ्या आणि पाल्याच्या आच्छादनातून. पुरात ते आच्छादन वाहून गेलं की बागेचं वर्षाचं खत गेलं. म्हणून नदीकडच्या बाजूला अडुळसा, निरगुडीची दाट कुंपणं ठेवतात. पाणी आत येतं, पाला बाहेर जात नाही.

गाळ बसल्यावर आधी झाडांची बुडं मोकळी करा, रान नंतर. उंबर, जांभूळ, वाळुंज पुरलेल्या खोडातून मुळं फोडतात. आंबा, चिकू, लिंबू यांच्या खोडाभोवती अर्धा फूट गाळ महिनाभर राहिला की साल कुजते. लिंबाला डिंक्या येतो तो तिथूनच.

आमेझॉनवाला
पोफळी यांचा मुद्दा जगभर खरा आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात लोक नद्यांची प्रतवारी पाण्याच्या रंगावरच करतात. अँडीज पर्वतातून येणारं गढूळ, "पांढरं" पाणी ज्या पूरमैदानावर पसरतं त्याला वार्झिया म्हणतात, तिथली जमीन सुपीक. रिओ नेग्रोचं काळं पाणी जिथं पसरतं तो इगापो, तिथं तितकाच पूर येऊनही माती निकस, कारण पाण्यात गाळच नाही. मनाउसजवळ वर्षभरात पाणी सरासरी 10 मीटर वर-खाली होतं. तिथलीही पीकरचना मळीसारखीच: उंच काठावर कोको, केळी, फळझाडं, खालच्या टप्प्यांवर पाणी उतरल्यावर सहा महिन्यांत निघणारा कसावा, मका, घेवडा. आणि गंमत म्हणजे तिथली प्रसिद्ध काळी माती, तेरा प्रेता, पुरानं आणलेली नाही. नदीच्या वरच्या दरडींवर माणसांनी कोळसा, राख, माशांची हाडं, खरकटं टाकून शेकडो वर्षांत तयार केलेली आहे.

उसवाला
आपल्याकडे मूळ प्रश्न धरणांचा आहे. पाणी वेळेवर सोडलं असतं तर 2019 ला...

धागा_राखणदार
धरणांच्या विसर्गाचा वाद इथे नको, त्यासाठी दोन धागे आधीच भांडून बंद झालेत.

डांगरवाडी
विसर्गाचा एक शेतीचा मुद्दा मात्र इथलाच आहे. वैनगंगा-वर्धेच्या वाळूत पाणी उतरल्यावर डांगरवाड्या (टरबूज-खरबुजाचे मळे) लावतात. दीड-दोन मीटरवर दोन फूट खोल-रुंद खड्डे, खाली ओल लागेपर्यंत, त्यात शेणखत आणि काठचा पोयटा भरून दोन-तीन बिया. वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांची आडोशी. उन्हाळ्यात वरून कितीही तापलं तरी मुळी खाली ओलीत असते. पण धरणातून उन्हाळी आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं की वेल एका रात्रीत जातात, म्हणून पात्राच्या मधल्या खोलगटात लागवड करू नये. आणि जिथून वाळूउपसा झाला तिथं ओलच खाली जाते, खड्डा कितीही खणा.

निळीरेषा
मळीकर, काठापासून चारशे फूट आतला सखल भाग. ऊस पिवळा, जमिनीवर उन्हाळ्यात पांढरं येतं. हा गाळाचा दोष का?

मळीकर
निचऱ्याचा. तो सखल पट्टा म्हणजे पुराची चिकणमाती बसलेली बशी. त्यावर बारमाही पाटपाणी, भूजल वर येतं आणि क्षार सोबत आणतं. पांढरं असलं म्हणजे खारवट. काळपट, तेलकट, ओली झाली की चिकट आणि वाळली की दगड झाली तर चोपण. दोन्हींचे उपाय वेगळे. सामू (pH) 8.5 च्या आत आणि क्षारता (EC) 4 डेसिसीमेन्स/मीटरच्या वर असेल तर आधी निचरा, मग गोडं पाणी देऊन धुणं. सामू 8.5 च्या वर, विनिमययुक्त (मातीच्या कणांना धरून बसलेला) सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर जिप्सम. पण निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण सुटलेला सोडियम जाणार कुठे? माती परीक्षणात जिप्समची गरज वेगळी मागून घ्या, नेहमीच्या पत्रकात ती येत नाही. तोवर त्या पट्ट्यात धैंचा, बांधाला करंज, आणि ऊसच हवा असेल तर फुले 265 हे वाण.

शंकासुर
शेवटचं. वाळुंजाच्या फांद्या आता, जुलैत लावू का? पाऊस आहे, पटकन धरतील.

रामकाठी
धरतील, आणि पुढच्याच पुरात उपटून जातील. पाणी उतरलं की, नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरभर लावा. मनगटाएवढ्या जाडीच्या, पाच-सहा फुटी काठ्या, खालचं टोक तिरकं, वरचं सपाट, म्हणजे उलटी लागायची भीती नाही. तोडल्यावर रात्रभर पाण्यात ठेवा. निम्मी काठी जमिनीत, पहारीनं आधी भोक पाडून. नुसती ठोकली तर साल सोलते आणि ती काठी फुटत नाही. पाण्याच्या पातळीपासून वर उताराला तीन-तीन फुटांवर, ओळी एकमेकींच्या फटीत. एप्रिल-मेमध्ये नदी आटून पातळी खाली गेली तर तेवढे दोन महिने आठवड्यातून एक पाणी. आणि शेळ्यांपासून राखा, कोवळा वाळुंज त्यांना फार आवडतो.